डेस्कटॉपला दुसरा मॉनिटर जोडताना

पुस्तकाची अक्षरजुळणी करताना लेखकाच्या हस्तलिखिताचे स्कॅन केलेले पान आणि टाइप होत असलेला मजकूर, दोन्ही एकाच वेळी नजरेसमोर असावे लागतात. एकाच मॉनिटरवर हे काम केले की दर दोन ओळींनी विंडो बदलावी लागते, परत आल्यावर ओळ हरवते, आणि सुटलेल्या ओळी किंवा दोनदा उमटलेली वाक्ये शोधण्यात पुढे फार वेळ जातो. लालबागच्या घरातून मी हेच काम करतो आणि दोन मॉनिटर वापरू लागल्यापासून माझा हा त्रास संपला आहे. बिले समोर ठेवून जीएसटीचे विवरणपत्र भरणारे, भाषांतर करणारे, घरून ऑनलाइन शिकवणारे शिक्षक यांचीही गरज साधारण हीच असते. त्यांच्यापैकी ज्यांनी आजवर संगणकाच्या मागची एकही केबल स्वतःच्या हाताने काढलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक आग्रहाचे सांगणे आहे: मॉनिटरची खरेदी सर्वांत शेवटी करावी. दुसरा मॉनिटर जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणी मॉनिटरच्या नसतातच. त्या पोर्टच्या (म्हणजे केबल खोचण्याच्या जागेच्या), केबलच्या आणि टेबलाच्या असतात, आणि या तिन्ही गोष्टी घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता आधी तपासता येतात.

पहिली पायरी : कॅबिनेटची मागची बाजू पाहणे

संगणक बंद करून कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढावे आणि मोबाइलच्या टॉर्चने मागची बाजू नीट पाहावी. उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या भागात एक उभा पट्टा दिसतो, ज्यात कीबोर्ड-माऊसची यूएसबी पोर्ट, इंटरनेटच्या केबलचे पोर्ट आणि आवाजाची गोल छिद्रे असतात. हा मदरबोर्डचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाचा भाग होय. त्याच्या खाली आडव्या फटींची रांग असते आणि त्यांतील एखाद्या फटीत चित्राची पोर्ट असलेली आडवी पट्टी बसवलेली असेल, तर तुमच्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरसाठी चित्र तयार करणारे वेगळे कार्ड आहे.

कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत, हा नियम लक्षात ठेवावा. अनेक मदरबोर्ड कार्ड बसवलेले दिसताच स्वतःची चित्र पाठवण्याची सोय बंद करतात, त्यामुळे एक केबल कार्डाला आणि दुसरी वर मदरबोर्डाला लावली की दुसऱ्या मॉनिटरवर फक्त ‘नो सिग्नल’ ही अक्षरे दिसतात. माझ्या पहिल्या जोडणीत नेमके हेच घडले होते. नवा मॉनिटर सदोष निघाला असे समजून मी तो खोक्यात भरून परत नेण्याच्या तयारीत होतो, आणि केवळ एक केबल दीड वीत खाली सरकवल्यावर चित्र उमटले. कार्डावरची पोर्ट कमी पडत असतील तर काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानात) ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ अशा नावाचे सेटिंग असते. ते चालू केल्यावर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही एकत्र वापरता येतात. मात्र त्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यात ती नसते, आणि एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेत ती नावाशेवटी ‘जी’ असलेल्या प्रोसेसरमध्येच असते.

आता पोर्टचे आकार ओळखावेत. निळ्या रंगाचे, तीन रांगांत पंधरा छिद्रे आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा असलेले पोर्ट म्हणजे व्हीजीए. ते १९८७ पासून वापरात आहे आणि आपल्याकडच्या जुन्या कार्यालयांत आजही सर्रास दिसते. पांढरे, रुंद आणि बऱ्याच छिद्रांचे ते डीव्हीआय. एचडीएमआयचे दोन्ही खालचे कोपरे आत दबलेले असतात आणि टीव्हीमुळे ते बहुतेकांना परिचित असते. डिस्प्लेपोर्ट दिसायला जवळपास तसेच असते, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. या शेवटच्या दोघांत नवख्या माणसाची गल्लत हमखास होते, म्हणून पोर्टचा फोटो काढून ठेवावा. दुकानात केबल मागताना शब्दांपेक्षा तो फोटो अधिक उपयोगी पडतो. यूएसबी-सी पोर्ट असले म्हणजे त्यातून चित्र जाईलच असे नाही. डेस्कटॉपवरच्या अनेक यूएसबी-सी पोर्टमधून फक्त डेटा जातो, तेव्हा मदरबोर्डची पुस्तिका पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

किती मॉनिटर जोडता येतील, याचे उत्तर पोर्ट मोजून मिळत नाही. चार पोर्ट असूनही एका वेळी तीनच मॉनिटर चालवणारी कार्डे होती आणि आहेत. साधारणपणे इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०१२ पासून, प्रोसेसरमधील ग्राफिक्स तीन मॉनिटरपर्यंत चालवू शकते, पण त्यातही मदरबोर्डवर तेवढी आणि योग्य प्रकारची पोर्ट असणे आवश्यक असते. आजची बहुसंख्य मध्यम दर्जाची ग्राफिक्स कार्डे चार मॉनिटर चालवतात, तर लहान आणि स्वस्त कार्डांवर बऱ्याचदा दोनच पोर्ट असतात. कार्डाचे नेमके नाव शोधून निर्मात्याच्या संकेतस्थळावर ‘मॅक्झिमम डिस्प्लेज’ किंवा तत्सम ओळ वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी पायरी : केबल आणि ॲडॉप्टर

संगणकावर आणि मॉनिटरवर एकाच प्रकारचे पोर्ट असेल तर सरळ केबल घ्यावी आणि ॲडॉप्टरच्या वाटेला जाऊ नये. दोन्हींकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर मी ते निवडतो, कारण त्याच्या केबलला लहानशी खिट्टी असते आणि कॅबिनेट हलवले तरी ती सुटत नाही.

फुल एचडी मॉनिटरसाठी, म्हणजे १९२० × १०८० बिंदूंसाठी (पिक्सेलसाठी), साधी ‘हाय स्पीड’ एचडीएमआय केबल पुरते. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बिंदूंचा मॉनिटर घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पाहावी: एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलते आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो. ६० वेळा बदलण्यासाठी २०१३ मध्ये आलेले एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ दोन्ही बाजूंना लागते, आणि एचडीएमआयची केबलही ‘प्रीमियम हाय स्पीड’ दर्जाची असावी लागते.

पोर्ट वेगवेगळे असतील तर ॲडॉप्टर येतो, आणि इथे दिशा महत्त्वाची ठरते. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर साधा, स्वस्त ॲडॉप्टर बहुधा काम करतो. उलट स्थितीत, म्हणजे संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर तो ॲडॉप्टर काही उपयोगाचा नाही; त्यासाठी सिग्नलचे रूपांतर करणारा, यूएसबीतून वीज घेणारा वेगळा ॲडॉप्टर लागतो. दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या तर सारख्याच दिसतात, म्हणून विक्रेत्याला ‘चित्र कुठून निघून कुठे जाणार आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. डिजिटल पोर्टमधून व्हीजीएच्या जुन्या मॉनिटरकडे जातानाही असाच रूपांतर करणारा ॲडॉप्टर लागतो.

आणखी एका वस्तूबद्दल मी कळकळीने सांगतो, ती म्हणजे एचडीएमआय स्प्लिटर. एका पोर्टची दोन पोर्ट करणारी ही डबी पाहून ‘झाले काम’ असे वाटते, परंतु ती दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दाखवते. सभागृहात दोन टीव्हींवर एकच कार्यक्रम दाखवण्यासाठी ती आहे. आपल्याला दोन मॉनिटरांवर दोन वेगळी कामे हवी आहेत आणि ती या डबीने कधीच होणार नाहीत. एका डिस्प्लेपोर्टमधून दोन वेगळी चित्रे काढण्यासाठी एमएसटी हब नावाचे उपकरण मिळते आणि ते विंडोजवर चालते. ॲपलच्या मॅक मिनीवर मात्र त्यातून दोन्हीकडे एकच चित्र येते. पोर्टच शिल्लक नसेल तर डिस्प्लेलिंक तंत्राचा यूएसबी ॲडॉप्टर हा शेवटचा पर्याय आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि चित्राचा भार प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे मजकूर वाचण्यासाठी तो ठीक आहे, पण व्हिडिओ संपादनासाठी किंवा खेळांसाठी तो घेऊ नये.

तिसरी पायरी : टेबल मोजून मॉनिटर ठरवणे

मुंबईतल्या घरात ही पायरी सर्वांत निर्णायक असते. २४ इंची मॉनिटर कडेपासून कडेपर्यंत सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद असतो आणि २७ इंची सुमारे ६१ सेंटिमीटर. दोन २४ इंची मॉनिटर शेजारी ठेवायचे तर १०८ सेंटिमीटर हवेत, म्हणजे चार फुटी टेबल पुरते आणि कडेला पाण्याचा ग्लास ठेवण्याइतकी जागाही राहते. पण आपल्याकडे वन रूम किचनमध्ये खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये बसवलेले टेबल बऱ्याचदा तीन फुटांचेच असते. अशा वेळी एक मॉनिटर आडवा आणि दुसरा उभा ठेवावा. उभ्या केलेल्या २४ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ३२ सेंटिमीटर होते, दोघांची मिळून ८६ सेंटिमीटर, आणि तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. माझे स्वतःचे टेबल असेच आहे. हस्तलिखिताचे पान उभ्या मॉनिटरवर वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसते, त्यामुळे जागेच्या टंचाईतून निघालेली ही मांडणी आता मोठे टेबल मिळाले तरी मी बदलणार नाही.

उभा ठेवायचा मॉनिटर आयपीएस पॅनेलचा असावा. टीएन प्रकारच्या पॅनेलचे रंग कोन बदलला की फिकट होतात, आणि ते उभे केल्यावर डाव्या व उजव्या डोळ्याला छटा वेगळी दिसून डोके दुखते. शिवाय मॉनिटरचा स्टँड फिरणारा आहे का हे पाहावे. तो फिरणारा नसेल तर मागे चौरसाकृती मांडलेली चार स्क्रूची छिद्रे असावीत. ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावरची ही छिद्रे व्हेसा मापाची असतात आणि त्यावर टेबलाला घट्ट पकडणारा आर्म बसतो. टेबल प्लायवूडचे असेल तर आर्म बिनघोर बसवावा. पार्टिकल बोर्डचे टेबल क्लॅम्पच्या दाबाखाली हळूहळू चुरते, तिथे वर आणि खाली लोखंडी पट्टी द्यावी. काचेच्या टेबलाला आर्म कधीही लावू नये.

देवनागरी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसासाठी आकारापेक्षा बिंदूंची दाटी महत्त्वाची आहे. फुल एचडी चित्र २४ इंचांवर दाखवले तर इंचाला सुमारे ९२ बिंदू पडतात. तेच २७ इंचांवर पसरले की सुमारे ८२ उरतात. रोमन अक्षरांना हा फरक फारसा जाणवत नाही, पण आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात, आणि बिंदू अपुरे पडले की ‘कीर्तींना’ सारख्या शब्दातली वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचा एकच ठिपका होतो. मुद्रितशोधनात हा ठिपका म्हणजे चूक निसटण्याची जागा असते. म्हणून २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० × १४४० बिंदूंचा घ्यावा. त्यात इंचाला सुमारे १०९ बिंदू मिळतात. पैसे बेताचे असतील तर मोठ्या आणि विरळ मॉनिटरपेक्षा २४ इंची फुल एचडी मॉनिटर कितीतरी चांगला.

दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असले तर उंची, रंग आणि अक्षरांचा आकार आपोआप जुळतो. घरात जुना चालू मॉनिटर असेल तर मात्र तो टाकू नये. फरक सेटिंगमधून बराचसा भरून काढता येतो.

चौथी पायरी : खरेदी

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला काही मिनिटांवर असलेला लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, ही मुंबईतल्या संगणकाच्या सामानाची जुनी बाजारपेठ. ऑनलाइन भाव पाहून जावे, पण तिथे जाण्याचा खरा फायदा असा की मॉनिटर उघडून, लावून दाखवा असे सांगता येते. पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, मग लाल, हिरवी आणि निळी स्क्रीन लावून मृत, म्हणजे रंग न बदलणारे बिंदू आहेत का ते तिथेच पाहावे, कारण एखाद-दुसरा मृत बिंदू हा काही कंपन्यांच्या वॉरंटीत दोष धरला जात नाही. बिलावर मॉनिटरचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात.

नेण्याचाही विचार करून निघावे. मुंबईच्या दक्षिणेकडच्या बेट शहरात रिक्षा चालत नाहीत, आणि संध्याकाळच्या गर्दीत मॉनिटरचे खोके घेऊन लोकलमध्ये चढणे हा पॅनेलवर दाब आणण्याचा हमखास मार्ग आहे. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान खरेदी उरकून टॅक्सीने यावे, आणि खोके त्यावर छापलेल्या बाणाप्रमाणे उभेच ठेवावे.

पाचवी पायरी : वीज आणि ओल

एका २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण १५ ते २५ वॅट वीज लागते, म्हणजे एका जुन्या बल्बपेक्षाही कमी, तेव्हा दोन मॉनिटर वाढल्याने सहा अँपिअरच्या सॉकेटवर ताण येत नाही. काळजी अर्थिंगची घ्यावी. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. कॅबिनेटच्या लोखंडाला बोट लावल्यावर झिणझिणी येत असेल तर मॉनिटर जोडण्याआधी वायरमनला बोलवावे. संगणक आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून चालवावेत, कारण वेगवेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर तो फरक चित्राच्या केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट निकामी करू शकतो. यूपीएस असेल तर किमान मुख्य मॉनिटर त्याच्या बॅटरीच्या बाजूला लावावा. वीज गेल्यावर संगणक चालू आणि समोर अंधार, अशा स्थितीत फाइल जपून ठेवता येत नाही.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला पाझर फुटत असेल तर टेबल आणि भिंत यांत हातभर अंतर ठेवावे. हिंदमातासारख्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला उंचावर स्क्रूने बसवावा. समुद्राजवळच्या घरांत खारी, दमट हवा पोर्टच्या पिनांवर थर चढवते. न वापरलेल्या पोर्टना रबरी टोप्या लावाव्यात.

सहावी पायरी : प्रत्यक्ष जोडणी

संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद करून आधी चित्राच्या केबल लावाव्यात आणि विजेच्या पिना नंतर. एचडीएमआयची पिन अर्धवट बसली तरी बाहेरून बसल्यासारखी दिसते, म्हणून ती शेवटपर्यंत दाबून पाहावी. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना खिट्टीचे बटण दाबूनच ओढावी, नाहीतर कार्डावरचे पोर्टच उचकटते. मग आधी मॉनिटर आणि नंतर संगणक सुरू करावा. सुरू होताना एकाच मॉनिटरवर चित्र येणे स्वाभाविक आहे. दुसरा मॉनिटर बहुधा विंडोज पूर्ण उघडल्यावर जागा होतो.

सातवी पायरी : विंडोजला मांडणी सांगणे

कीबोर्डवर विंडोजची कळ धरून ‘पी’ दाबावे. चार पर्याय दिसतील. त्यांतला ‘एक्स्टेंड’ निवडावा. ‘डुप्लिकेट’ निवडला तर दोन्हीकडे तेच चित्र राहते आणि अनेकांना वाटते की जोडणी फसली.

त्यानंतर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. वर १ आणि २ असे आकडे असलेले दोन चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबले की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा आकडा उमटतो. तो पाहून, टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच चौकोन माऊसने ओढून मांडावेत. उभा मॉनिटर डावीकडे असेल तर त्याचा चौकोनही डावीकडे हवा, अन्यथा बाण डाव्या कडेवर आपटत राहतो आणि बाहेर पडतो उजवीकडून. चौकोनांची उंचीही महत्त्वाची आहे. दोन चौकोनांच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात, तेवढ्याच भागातून बाण पलीकडे जाऊ शकतो. एक चौकोन फार वर राहिला तर खालच्या कोपऱ्यात बाण अडकतो. टेबलावर दोन्ही मॉनिटरांच्या मधल्या फटीवर आडवी पट्टी धरून एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर बाण नेऊन पाहावा, आणि तो सरळ रेषेत जाईपर्यंत चौकोन थोडे थोडे सरकवावेत. या पाच मिनिटांच्या खटपटीचा लाभ पुढे रोज मिळतो.

मग ज्या मॉनिटरवर मुख्य काम करायचे त्याचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ या चौकटीत खूण करावी. उभ्या मॉनिटरसाठी ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’मध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडावे. रिझोल्यूशनच्या, म्हणजे बिंदूंच्या संख्येच्या यादीत ज्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असते तेच ठेवावे. अक्षरे बारीक वाटली म्हणून रिझोल्यूशन कमी करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, पण त्याने अक्षरे मोठी होतात तशी धूसरही होतात. त्याऐवजी ‘स्केल’ १२५ टक्के करावे. मजकूर स्पष्ट राहतो.

उबुंटूमध्ये हीच कामे ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये ‘जॉइन’ निवडून होतात, आणि मॅक मिनीवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये ‘अरेंज’ दाबून.

देवनागरीसाठी आणखी एक काम विंडोजवर अवश्य करावे. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘क्लिअरटाइप’ असे टाइप करून मजकूर सुधारण्याचा कार्यक्रम उघडावा. तो प्रत्येक मॉनिटरसाठी वेगवेगळे नमुने दाखवतो आणि त्यांतला सर्वांत स्वच्छ नमुना आपण निवडायचा असतो. क्लिअरटाइपची युक्ती प्रत्येक बिंदूतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत असे धरून चालते. मॉनिटर उभा केला की त्या पट्ट्या एकावर एक येतात आणि अक्षरांच्या कडा किंचित रंगीत दिसू लागतात. म्हणूनच मी मूळ पान उभ्या मॉनिटरवर ठेवतो आणि ज्या मजकुरातला प्रत्येक अनुस्वार तपासायचा आहे तो आडव्या मॉनिटरवर.

आठवी पायरी : मान आणि नजर

मुख्य मॉनिटर अगदी समोर, हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतक्या अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. दुसरा मॉनिटर त्याला चिकटवून आपल्याकडे थोडा वळवावा. दोन्हींकडे सारखाच वेळ पाहायचे असेल तर खुर्चीचा मध्य दोघांच्या सांध्यासमोर आणावा. दोन्ही मॉनिटरांचा प्रकाश सारखा करावा. एक झगझगीत आणि एक मंद असला की नजर दर वेळी नव्याने जुळवून घेते आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर पाठ करून बसू नये, दुपारनंतर ऊन थेट स्क्रीनवर येते.

रोजच्या वापरात तीन कळा हाताशी असाव्यात. विंडोज आणि शिफ्टसोबत डावा किंवा उजवा बाण दाबला की समोरची विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी घेते. हस्तलिखित आणि मजकूर यांच्या जागा बदलायच्या झाल्या तर माऊसला हात लावावा लागत नाही.

काही बिघडले तर

‘नो सिग्नल’ दिसत असेल तर आधी मॉनिटरच्या कडेच्या बटणांनी ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ उघडून योग्य पोर्ट निवडले आहे का ते पाहावे. तरीही चित्र नसेल तर दोन मॉनिटरांच्या केबल आपसात बदलाव्यात. दोष केबलबरोबर सरकला तर केबल खराब, पोर्टपाशीच राहिला तर पोर्ट किंवा सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा चित्र आले तरी कशामुळे आले ते कळत नाही.

विंडोजला दुसरा मॉनिटर दिसतच नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ उघडावे. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असे लिहिलेले असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर बसलेले नाही. ते निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून बसवावे. एचडीएमआयवरचा काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची व्याप्ती ‘लिमिटेड’ऐवजी ‘फुल’ करावी. टीव्हीलाच मॉनिटर म्हणून लावले असेल आणि चारही कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधावे.

डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की अनेकदा संगणकाला तो काढून नेल्यासारखा वाटतो आणि सर्व विंडो उरलेल्या मॉनिटरवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ ही खूण चालू ठेवली तर मॉनिटर परतल्यावर विंडो आपापल्या जागी जातात.

सर्व जुळल्यावर प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून तीवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे लिहावे आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. दिवाळीच्या साफसफाईत टेबल हलते आणि सगळ्या केबल एकदम निघतात; तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही.